बॉनेटवरचा वाडगा

आन्सान, ३ नोव्हेंबर

आणि वर उयंगाच्या पत्रातून निरोप, की ‘त्याला कळव, गाडीला डॉक्टर नकोय, आणि असलाच तर समुद्रापलीकडचा तर मुळीच नको.’ बरं बाबा. नको तर नको. मग ही माझी धाकटी बहीण आईबद्दल चार ओळी लिहिते आणि गाडीबद्दल दोन पानं, ती काय हौस म्हणून? तिला गाडीतलं काय कळतं? शाळेत पोरांना गाणी शिकवते ती. म्हणजे शेजारी बसून कुणीतरी तिला सांगतंय, आणि सांगणारा आपण नव्हेच असं तोंड करून चुलीकडे बघतोय. मला ते तोंड इथून दिसतं.

भांडण जुनंच आहे, मला नव्याने काढायचं नाही. मी म्हटलं होतं, ही रशियन जीप विका, आईला घेऊन उलानबातरला चला, तिथे मोठं हॉस्पिटल आहे. तुम्ही म्हणालात, ‘गाडी विकायला सांगणारा मुलगा माझा नाही.’ मी म्हटलं, नाही तर नाही. आणि निघालो. वाट सुखाची जावी म्हणून आईने नेहमीसारखं पळीने चाकांवर दूध शिंपडलं, तुम्ही बाहेरसुद्धा आला नाहीत. दोन हिवाळे झाले. अजून तुम्ही तिथेच आहात, गेरच्या तंबूत, आत.

तर गाडी. उयंगा लिहिते, रस्त्यावर असते तोवर ठीक, पाय काढला की थरथरते, खोकते आणि मरते. म्हणजे स्लो धरत नाही, उभी असताना हळू धडधडत राहणं तिला जमत नाही. हे दुखणं उन्हाळ्यात असतं तर मी हसलो असतो. पण आईच्या पोटात पाणी साचतं, दर महिन्याला ते काढायला जिल्ह्याच्या हॉस्पिटलात न्यायचं, आणि मधे ती खिंड. तिथे वादळात उभं राहावं लागलं आणि इंजिन मेलं, तर आत बसलेल्या माणसाचं काय होतं हे मी तुम्हाला सांगायला हवं का? तुम्हीच मला सांगायचात, ‘हिवाळ्यात गाडी पळवायला कुणालाही येते रे, उभी ठेवून जिवंत ठेवता येते का बोल.’

म्हणून ऐका. ऐकायचं नसेल तर उयंगाला वाचू दे, तुम्ही नुसते जवळ बसा. कार्बोरेटरच्या बाजूला जो छोटा पितळी जेट आहे, स्लोचा, तेवढाच काढा. उजेडाकडे धरा. भोकातून उजेड दिसला नाही तर आत केस आहे. पेट्रोल तुम्ही लोकरीच्या जुन्या फेल्टच्या तुकड्यातून गाळता, त्याचाच केस असणार. तारेने टोचू नका, भोक मोठं होतं आणि मग जन्मभर गाडी पेट्रोल पिते. घोड्याच्या शेपटीचा एक केस घ्या, ओवा, फुंका, परत लावा. झालं. कार्बोरेटर खाली उतरवायचा नाही. पुन्हा लिहितो, उतरवायचा नाही.

तुम्हाला आठवतं का, उन्हाळ्यात स्लो लावून झाला की तुम्ही खाऱ्या चहाचा वाडगा काठोकाठ भरून चालू गाडीच्या बॉनेटवर ठेवायचात. चहा थरथरला नाही तर उभ्याने पिऊन टाकायचात. थरथरला तर गवतावर ओतून पुन्हा स्क्रूड्रायव्हर. आई दारातून ओरडायची, ‘दूध काय पावसातून पडतं का?’ मी सहावीतून शाळा सोडली ती त्या वाडग्यापायी. मला वाटायचं, यापेक्षा मोठं शिकण्यासारखं काही नाही.

माझं इथे बरं आहे. गॅरेज मोठं आहे. खोली गरम असते. मालक माणूस चांगला आहे.

न्यामबू


आन्सान, १२ डिसेंबर

उतरवलात! मी दोनदा लिहिलं होतं, आणि तुम्ही अख्खा कार्बोरेटर उतरवलात.

उयंगाने तुमचं वाक्य जसंच्या तसं लिहिलंय. ‘अर्धवट काम मी करत नाही, ते तुझ्या भावाला शोभतं.’ धन्यवाद. जेटमध्ये फेल्टचा केस निघाला हेही तिने लिहिलंय, पण ते अगदी शेवटी, कोपऱ्यात, बारीक अक्षरात. ते तुम्ही सांगितलेलं नसणार.

आता म्हणे गाडी दोन दिवस मांजरासारखी शांत होती आणि मग नवंच सुरू झालं. थंड असताना ठीक. गरम झाली की आपोआप चढते, उतरते, चढते, उतरते, झोपेत कुणी घोरावं तशी. आणि तुम्ही काय केलंत, तर स्क्रू पिळून रेस वाढवून ठेवलीत. आता मरत नाही, किंचाळते. बाबा, हे आजाऱ्याचं कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून रेडिओ मोठा करण्यासारखं आहे. दुखणं आतच आहे, वर पेट्रोल दुपटीने जातं. तुम्हाला हे कळत नाही असं मी म्हणत नाही. तुम्हाला कळतं, म्हणून तर राग येतो.

आईचं वाचलं. उयंगा लिहिते, ‘दादा, आईचं डोकं अधूनमधून फिरतं. गाडीत बसली की म्हणते, घोड्यांची डागणी सुरू झाली का हो, कातडं जळल्याचा वास येतोय. डिसेंबरात कसली डागणी? बाबा म्हणतात, हो हो, सुरू झाली, तू झोप. डॉक्टर म्हणाले, यकृत गेलं की असं होतं, घरी परतली तरी बोलेल.’ पण पुढे उयंगाच लिहिते, की घरी आल्यावर ती तसलं काही बोलत नाही. घरी तिला शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं नावसुद्धा आठवतं.

ते वाचून माझं कामात लक्ष लागेना. काम म्हणजे, आता लिहूनच टाकतो, गॅरेज वगैरे काही नाही. भंगाराचं आवार आहे. दिवसभर मेलेल्या गाड्या येतात, आम्ही त्यांची इंजिनं उपटतो, तांबं एकीकडे, ॲल्युमिनियम एकीकडे. हजारभर गाड्या असतील, पण एकही इंजिन धडधडताना ऐकलेलं नाही मी महिनोन्‌महिने. झोपायला लोखंडी डबा आहे, मालाच्या जहाजावर असतात तसला. गरम असतो हे खरं, पण फक्त वरच्या फळीवर, आणि वरच्या फळीवर बदराल झोपतो. हा बदराल आपल्या बाजूचाच, खोव्दचा. मी हे पत्र लिहितोय आणि तो वरून म्हणतोय, ‘अरे, लोक बायकोला लिहितात, पोरीला लिहितात. कार्बोरेटरला प्रेमपत्र लिहिणारा तू पहिलाच बघितला.’

मी म्हटलं, ‘बापाला लिहितोय.’

‘मग तर कार्बोरेटरलाच लिही. तो निदान आवाज तरी देतो.’

हसू नका. किंवा हसा.

बाबा, एक काम करा. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नका. मला गाडीचे चार प्लग पाठवा. इंजिन गरम होऊ द्या, तो स्क्रू आधी होता तिथे आणा, थोडा वेळ तशीच घोरू द्या, मग झटक्यात बंद करा आणि प्लग काढा. पुसायचे नाहीत. घासायचे नाहीत. दोरीत क्रमाने बांधा, पहिल्याच्या बाजूला एक गाठ मारा म्हणजे मला कळेल. तोवर पेटीतले जुने लावा. दुल्मा मावशी दर महिन्याला उलानबातरहून इथे विकायचे कपडे घ्यायला येते, तिच्याकडे पोचतील असं बघा. तिचा पत्ता उयंगाकडे आहे.

मी येत का नाही, असं तिने विचारलंय. माझ्या कागदांची मुदत कधीच संपली. विमानतळावर गेलो की शिक्का बसेल, आणि मग या देशाचं दार मला बंद. आईची औषधं इथल्या पगारातून येतात. म्हणजे तिला भेटायला आलो तर तिची औषधं बंद, आणि औषधं चालू ठेवायची तर भेट बंद. बदराल म्हणतो यावर विचार करू नकोस, वेडा होशील. मी करत नाही. मी कार्बोरेटरचा करतो.

न्यामबू


आन्सान, २१ जानेवारी

प्लग मिळाले!

दुल्मा मावशीने आवाराच्या फाटकापाशी उभं राहून हाका मारल्या. ‘न्यामबू! तुझ्या बापाने काय पाठवलंय रे हे? विमानतळावर पोलिसांनी तीन वेळा हुंगलं. मला वाटलं आता जाते मी आत.’ वर्तमानपत्रात गुंडाळलेले, घोड्याच्या केसांच्या दोरीत क्रमाने बांधलेले. पहिल्याच्या बाजूला गाठ. मी एक सांगितली होती, तुम्ही दोन मारल्यात. बाबा, दोन वर्षांत तुम्ही मला लिहिलेलं हे पहिलं पत्र. मी ते उशाशी ठेवलंय.

आता लक्ष देऊन ऐका.

चारही पांढरे आहेत. हाडासारखे. एकच पांढरा असता तर मी म्हटलं असतं त्या एका सिलिंडरच्या फांदीतून हवा शिरतेय. पण चारही सारखेच पांढरे म्हणजे हवा फांद्या फुटायच्या आधीच आत येतेय. खोडातून. आणि खोडावर काय बसलंय? कार्बोरेटर. आणि त्याच्याखाली काय असतं? पॅकिंग.

इतपर्यंत आलो आणि मी प्लग हातात धरून तसाच बसलो. कारण तुम्ही कार्बोरेटर उतरवला म्हणजे वर्षानुवर्षं भाजलेलं ते जुनं पॅकिंग फाटलं असणार. आणि आपल्या तालुक्याच्या गावात नवं मिळत नाही. मग तुम्ही काय बसवलंत? तुम्ही खोगीर कशाने शिवता? बूट कशाने शिवता? रेडिओचं बटण तुटलं तेव्हा काय लावलंत? कातडं. याकचं कातडं. ओलं करून, वाडग्यावर ताणून, चाकूने गोल कापून. बसवताना ते कणकेसारखं बसतं, दोन दिवस गाडी मांजर होते. पण त्याच्या खालीच धुराड्याची नळी आहे, सगळी आग तिथेच. कातडं भाजतं, आखडतं, कडा वर येतात, हवा शिरते. गाडी थंड झाली की परत जरा बसतं. म्हणून थंड असताना ठीक, गरम झाली की घोरते.

आणि भाजलेल्या कातड्याला वास येतो, बाबा. डागणीचा वास.

आई बरळत नाहीये.

मी हे वाक्य इथे बदरालला ओरडून सांगितलं आणि तो फळीवरून पडता पडता वाचला. आई बरळत नाहीये! गाडीत बसल्यावरच म्हणते, घरी म्हणत नाही, हे उयंगाने लिहिलं होतं आणि माझ्या टाळक्यात शिरलं नाही. तुम्हाला वास येत नाही कारण जन्मभर तोंडाने पेट्रोल ओढून तुमचं नाक मेलंय. उयंगा पुढे बसते, खिडकीची फट उघडी ठेवते. मागे पडून असते ती फक्त आई, आणि तिच्या अंगावरून हीटरची हवा जाते. जे मला चार प्लगांनी आत्ता सांगितलं ते तिने तेव्हाच सांगितलं होतं. तिला जाऊन सांगा. आत्ता, पत्र बाजूला ठेवून. सांगा, की गाडीचं दुखणं तिने ओळखलं. सांगा, की डोकं ठिकाणावर आहे तुझं, आमचीच फिरली होती.

सोबत पॅकिंग पाठवतोय. इथे इंजिनासाठीच्या पॅकिंगचा जाड कागद पडलेला असतो, त्यातून कापलं. एक चुकलं तर हाताशी असावीत म्हणून तीन कापली. मधलं मोठं भोक मी पाडलंय, तुमचा कार्बोरेटर मला डोळे मिटूनही दिसतो. बोल्टची भोकं पाडलेली नाहीत, ती तुम्ही जागेवर ठेवून छोट्या हातोडीने ठोकून उमटवा, तुमच्यासारखी मला जमत नाहीत. जुनं कातडं नखाने नव्हे, पात्याने खरवडा. एक कणही राहता कामा नये. गोंद लावू नका. एक बोल्ट एकदम आवळू नका, थोडा इकडचा, थोडा समोरचा. गाडी गरम करा, थंड होऊ द्या, पुन्हा एकदा आवळा. मग तो रेसचा स्क्रू मागे घ्या आणि स्लो ऐका.

आणि मग वाडगा ठेवा बॉनेटवर. आईला दारात बसवा आणि तिच्यादेखत ठेवा.

दुल्मा मावशी गुरुवारी उडतेय. मी तिला म्हटलं, ‘मावशी, उलानबातरला कुठे ठेवून देऊ नकोस, आपल्याकडे जाणारी जी पहिली गाडी असेल तिच्या ड्रायव्हरच्या हातात दे.’

ती म्हणाली, ‘पांढऱ्या महिन्याचा सण आलाय तोंडावर. गाड्यांमध्ये माणसं मांडीवर माणसं घेऊन बसतात, वर कापलेल्या मेंढ्यांचे पुठ्ठे, पिठाची पोती, बाटल्या. तुझा हा कागद मी कुठे कोंबू?’

‘कुठेही कोंब. पण कोंब.’

‘बरं बाबा, कोंबते. एवढा कसला जीव टांगलाय कागदात?’

मी तिला सांगितलं. पाकीट तिने पर्समध्ये टाकलं, मोठ्या पिशवीत नाही.

हे पोचेपर्यंत जायची वेळ आली तर एक करा, गाडी बाहेर काढू नका. तालुक्याची रुग्णवाहिका मागा. तिच्यात पेट्रोल नसतं ठाऊक आहे. मागा तरी.

न्यामबू


आन्सान, ९ फेब्रुवारी

उयंगाने पोस्टातून फोन केला. सण म्हणून पोस्ट इतके दिवस बंद होतं, म्हणून उशिरा केला, असं म्हणाली. आवाज अगदी सपाट होता, वर्गात हजेरी घेतल्यासारखा.

मी सगळं पुन्हा लिहून काढतोय. का, ठाऊक नाही. तुम्ही तिथे होतात, तुम्हाला सांगायची गरज नाही. पण मी नव्हतो.

सणाच्या आदल्या दोन दिवसांत आईचं पोट ढोलकीसारखं ताणलं. रुग्णवाहिका मागितली तर ड्रायव्हर म्हणाला, ‘चाक आहे, पेट्रोल नाही, आणि सण झाल्याशिवाय येणारही नाही.’ म्हणून तुम्ही निघालात. तीन डबे पेट्रोल घेऊन. खिंडीत ओवोच्या दगडांच्या राशीपाशी वादळाने गाठलं. पुढचं चाक दिसेना. दिवसभर तिथे उभं राहावं लागलं. कातडं पुरतं आखडलेलं, स्लो तर गाडी धरत नव्हती, म्हणून तुम्ही दिवसभर ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसलात. पाय काढला की मरायची, ठेवला की किंचाळायची. सगळं आईच्या पोटात थडथडत होतं, तिने उयंगाला दोन्ही हातांनी पोट धरून ठेवायला लावलं. एक डबा गेला, दुसरा गेला. स्लो धरली असती तर एका डब्यात तो दिवस निघाला असता. मी इथे कागदावर हिशेब मांडून पाहिला. अर्धा उरला असता.

वादळ थांबलं, तुम्ही उतरलात. जिल्ह्याच्या गावातल्या धुराड्यांचा धूर दिसायला लागला आणि पेट्रोल संपलं.

तुम्ही डबा घेऊन चालत गेलात. उयंगा म्हणाली, आई तिच्या मांडीवर होती. थोड्या वेळाने आई म्हणाली, ‘वास थांबला गं. डागणी झाली वाटतं सगळ्यांची.’ इंजिन बंद होतं ना. त्यानंतर बोलली नाही. तुम्ही परत आलात, डबा ओतलात, चावी फिरवलीत, आणि उयंगाने तुम्हाला म्हटलं, ‘बाबा, आता घाई नको.’

पॅकिंग उलानबातरमध्ये दुल्मा मावशीच्या घरी होतं. सणाच्या आधीच्या सगळ्या गाड्या भरून गेल्या, एका ड्रायव्हरने घेतो म्हटलं आणि विसरला, मग सण लागला आणि कुणीच निघेना. पाकीट तिथे, सणाच्या खाण्याच्या, बूझच्या ताटाशेजारी. माझं पत्रही त्यातच. म्हणजे तुम्ही ते वाचलेलं नव्हतं. म्हणजे आईला कुणी सांगितलंच नाही.

मी लिहिलं होतं उतरवू नका.

मी दोनदा लिहिलं होतं, बाबा. एक छोटा पितळी जेट, एक घोड्याचा केस, फुंकर. एवढंच. पण तुम्हाला मुलाचं ऐकायचं नव्हतं म्हणून तुम्ही त्याच्या वर एक काम जास्त केलंत. आणि मग जे हाताशी होतं ते बसवलंत, आणि कुणाला सांगितलं नाहीत. एकदा, फक्त एकदा उयंगाला म्हणाला असतात, की लिही त्याला, कातडं बसवलंय. मला डिसेंबरातच कळलं असतं.

हे पान फाडणार होतो. बदराल म्हणाला, फाड. मी फाडत नाही. मी तुमच्यावर ओरडायला तिथे असतो तर तुम्हीही ओरडला असता आणि मग आपण दोघं गाडीखाली शिरलो असतो. इथे मी एकटाच ओरडतोय आणि वर ॲल्युमिनियमचा ढीग आहे.

आता मला इथे थांबायला कारण उरलं नाही. तिथे यायलाही उरलं नाही. कालपासून या दोन्हीच्या मधे मी उभा आहे, आणि जो कुणी माझा पाय धरून बसलाय तो सोडतही नाही.

पगार झालाय. औषधांचे वेगळे काढून ठेवले, सवयीने.

न्यामबू


आन्सान, ६ एप्रिल

उयंगाचं पत्र आणि तुमची पुडी एकाच दिवशी मिळाली.

पुडी आधी उघडली. वर्तमानपत्र, आत घोड्याच्या केसांची दोरी, आणि दोरीला बांधलेलं ते. कातडं. एका बाजूने करपून काळं झालेलं, आखडून बशीसारखं वाकलेलं, बोटाने दाबलं तर कडेचा तुकडा पडला. दोरीला दोन गाठी. शब्द एकही नाही. मी नाकाशी धरलं. बाबा, अजून येतो. मलासुद्धा येतो.

बदरालला दिलं. त्याने हुंगलं. म्हणाला, ‘आमच्याकडे शरदात असाच वास असायचा.’ आणि परत दिलं.

मग उयंगाचं पत्र. आईचे एकोणपन्नास दिवस झाले, लामा येऊन गेला, दिवे लावले. तोपर्यंत तुम्ही गाडीला हात लावला नाहीत, तिला ताडपत्री घालून ठेवली होती. माझं पाकीट मात्र हातात पडलं त्या दिवसापासून तुमच्या कोटाच्या आत होतं. पत्र तुम्ही तिच्याकडून तीनदा वाचून घेतलंत. चौथ्यांदा ती ‘आई बरळत नाहीये’पाशी आली आणि तुम्ही हात वर केलात, म्हणून ती थांबली.

मग पन्नासाव्या दिवशी सकाळी तुम्ही ताडपत्री काढलीत. मी लिहिलं होतं तसंच केलंत, तिने बघितलं. पात्याने खरवडलंत. जागेवर ठेवून छोट्या हातोडीने भोकं उमटवलीत. थोडा इकडचा, थोडा समोरचा. गरम केलीत, थंड होऊ दिलीत, पुन्हा आवळलंत. पहिलंच पॅकिंग बसलं, दोन उरली. रेसचा स्क्रू मागे घेतलात. उयंगा लिहिते, ‘दादा, मला आधी वाटलं इंजिन बंद पडलं. इतका आवाज कमी. जवळ गेले तर चालू होतं.’

तुम्ही तिला चहा आणायला सांगितलंत. काठोकाठ. बॉनेटवर ठेवलात. ती लिहिते, त्यात ढग दिसत होते आणि ढगसुद्धा हलत नव्हते.

तुम्ही तो प्यायला नाहीत. ओतूनही टाकला नाहीत. दोन्ही हातांनी उचललात, मागचं दार उघडलंत आणि मागच्या सीटवर ठेवलात.

पुढचं ती लिहिते ते मला तक्रार म्हणून लिहिते. की तेव्हापासून तुम्ही रोज जीप सुरू करता आणि पुढे बसून राहता. कुठे जात नाही. गिअर टाकत नाही. स्लोवर ठेवता आणि बसता, जेवायला हाक मारली तरी येत नाही. टाकी संपली की ती आपोआप बंद होते, मग येता. शेजारचे म्हणतात, म्हातारा गेला कामातून. तालुक्याच्या पंपावरचा माणूस म्हणतो, ‘काका, एवढं पेट्रोल घेता आणि गाडीच्या चाकाला माती नाही, विकता की काय?’ उयंगा लिहिते, ‘दादा, तू सांग त्यांना. माझं ऐकत नाहीत. घरात पीठ आणायला नाही आणि हे पेट्रोल जाळतात. तुझं ऐकतील आता.’

मी नाही सांगणार.

बाबा, चालू द्या. मी असतो तर शेजारी बसलो असतो. बोललो नसतो. मला फक्त एक करा, जमलं तर. एखाद्या दिवशी ती तालुक्याला न्या, पोस्टाच्या खिडकीपाशी उभी करा, आणि उयंगाला सांगा, फोन लावून रिसीव्हरचा दांडा खिडकीबाहेर धर. मी इकडून काही बोलणार नाही. इथे हजार इंजिनं आहेत आणि एकही चालू नाही. मला एक ऐकायचंय.

पिठाचे पैसे उयंगाच्या नावाने वेगळे पाठवलेत, तिच्याशी भांडू नका. हे तुमच्या नावाने. दोन वर्षं मी हे आईच्या उलानबातरच्या हॉस्पिटलसाठी बाजूला टाकत होतो, ठेवायला आता जागा नाही. पेट्रोल घ्या. चांगलं घ्या, आणि फेल्टमधून गाळू नका, पातळ सुती फडकं वापरा.

सहाशे चाळीस डॉलर.